रांगेचं पुढचं टोक

एम. के. सरांना रांगेत बसलेलं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. तेव्हा त्यांचा डावा डोळा गेलेला होता आणि उजवा तरी राहावा म्हणून ते पहाटेच येऊन बसले होते. "काही झालं तरी गुरू आहेत तुझे, असं बोलू नये," असं आमच्याकडची शहाणी माणसं मला सांगतात. नये तर नये. पण सरांची आठवण निघाली की मला गप्प बसवत नाही. त्यांनी मला काय शिकवलं ते मला नीट माहीत आहे, आणि त्यातलं एकही मी कुणाला शिकवणार नाही.

त्यांचं खरं नाव मुंजाजी किशनराव. आमच्या हिंगोलीकडे मुंजाजी नावाची माणसं गल्लोगल्ली सापडतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. सरांना मात्र त्या नावाची भारी लाज. पाटीवर एम. के., कार्डावर एम. के., लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा एम. के. छापून घेतलेलं. एकदा पोस्टमन जिन्यातूनच ओरडत आला, "मुंजाजी कोण हाये इथं?" सर केबिनमध्ये होते. आतूनच मला म्हणाले, "सांग त्याला, असं कोणी न्हाई इथं." पोस्टमन आलं पाकीट परत घेऊन गेला.

सरांचा क्लास बसस्टँडमागे एका कृषी सेवा केंद्राच्या वर होता. खालून खताचा आणि औषधाचा वास यायचा, वर टायपिंगची खटखट. पाटीवर टॅलीपासून जावास्क्रिप्टपर्यंत जगात जे काही आहे ते सगळं लिहिलेलं. प्लायवूडची एक भिंत घालून पलीकडे त्यांनी 'सॉफ्टवेअर कंपनी' काढली होती. कंपनीत तीन खुर्च्या होत्या आणि काम करणारी मी. मी पुसेगावच्या पुढच्या एका तांड्यावरची. बीएस्सी करून आलेली. सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "राठोड, तुमच्या तांड्यावरच्या पोरींना असा चान्स कोण देतंय? लक्षात ठेव." ठेवलं लक्षात. इतकं ठेवलं की अजून विसरले नाही.

पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्या पेनाने त्यांनी सहीशिवाय काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. बूट मात्र असे चमकायचे की विचारू नका. टेबलाच्या खणात एक पिवळं फडकं होतं, आणि दिवसातून कितीदा तरी सर वाकून ते फडकं बुटांवरून फिरवायचे. लॅबच्या दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. पोरंपोरी, मी, झाडणारी बाई, सगळे अनवाणी आत जायचो. सर बुटांनिशी जायचे. फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटायचे आणि ती बाई मागून पुसत यायची.

कोड त्यांना येत नव्हता. माझ्या मागे उभं राहून ते स्क्रीनवर बोट टेकवायचे आणि "हे बराबर न्हाई वाटून राहिलं," म्हणायचे. काय बराबर नाही ते कधी सांगायचे नाहीत. बोटाचा तेलकट डाग तेवढा राहायचा. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत त्यांचं नाव घालायची सक्ती होती. मी ते घालायचे. त्यांनी ती फाइल पुढे कधी उघडून पाहिली असेल तर शप्पथ.

पण त्यांची खरी कला वेगळी होती. ते रांगेत लागायचे नाहीत. बँकेत गेले की थेट काउंटरच्या मागे. पेट्रोल पंपावर उलट्या बाजूने गाडी घालणार. लग्नाच्या पंगतीत लोक जेवणाऱ्यांच्या पाठीशी ताटकळत उभे असायचे, आणि सर आचाऱ्याच्या बाजूने येऊन पहिल्या पाटावर. आषाढी एकादशीला आम्हा सगळ्यांना दर्शनाला घेऊन गेले तर बाहेर पडायच्या दारातून आत नेलं. देवाची पाठच दिसली मला. खुशीत आले की म्हणायचे, "रांग कोणासाठी असती? ज्याला कोणी वळखत न्हाई त्याच्यासाठी." हे वाक्य म्हणताना ते शर्टाची कॉलर दोन बोटांनी वर ओढायचे.

वर्गात ते रांग शिकवायचे तेव्हा तर मजाच. प्रोग्रॅममध्ये पण रांग असते. जो आधी आला त्याचं काम आधी, मागून आलेला मागे. हे समजावायला सरांनी खालून चहावाल्याला किटलीसकट बोलावलं आणि पोरांना भिंतीला धरून उभं केलं. "पहिला आला तो पहिला पिणार. लॉजिक क्लिअर?" पोरं म्हणाली, क्लिअर. पहिल्या पोराने हात पुढे केला तेवढ्यात सर बाजूने आले आणि भरलेला कप उचलून फुर्र करून प्यायले.

मी म्हणाले, "सर, तुमी कुठून आले?"

"मी रांगेत न्हाई. मी सिस्टीम हाये."

पोरं हसली. मलाही तेव्हा हसू आलं. सर मात्र हसले नव्हते, त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

त्याच वर्षी एका अडत व्यापाऱ्याचं काम मिळालं. मोंढ्यात हळदीचा सौदा झाला की त्या दिवसाचा भाव गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर गेला पाहिजे. सरांनी कुठल्यातरी जुन्या विद्यार्थ्याकडून प्रोग्रॅम लिहून घेतला आणि खाली आपलं नाव घातलं. सुरुवातीला चालला. मग नंबर वाढत गेले, हट्टा, डोंगरकडा, सगळीकडून लोक नाव नोंदवायला लागले, आणि सकाळचा भाव दिवेलागणीला पोचायला लागला. एक म्हातारा क्लासमध्ये येऊन म्हणाला, "सर, तुमचा भाव आला तवर मी हळद इकून घरी जाऊन जेवलो पण." सर म्हणाले, "नेटवर्कची तकलीफ हाय, काका."

नेटवर्क कशाचं? मी प्रोग्रॅम उघडून पाहिला. सगळे मेसेज एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे साध्या यादीत ठेवले होते, आणि प्रत्येक वेळी यादीतला पहिला काढून पाठवत होते. यादी छोटी असली तर कुणाला कळतही नाही. पण मोठ्या यादीचा पहिला काढला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकवावे लागतात. पंगतीतला पहिला माणूस उठला म्हणून अख्ख्या पंगतीने ताटं उचलून एकेक पाट सरकायचं, मग दुसरा उठणार, पुन्हा सगळ्यांनी सरकायचं. प्रोग्रॅमचा सगळा दिवस या सरकण्यात जात होता.

यावर उपाय जुनाच आहे. मी काही शोध लावला नाही. डेक म्हणून एक रांग असते, जावास्क्रिप्टसाठी ती तयार मिळते, फुकट. त्यात कुणी सरकायचं नाही. वाढप्याने फक्त ध्यानात ठेवायचं, आता कोणत्या पाटावर आहोत. रिकाम्या झालेल्या पाटावर नवा माणूस बसवायचा. आणि या रांगेला दोन्ही टोकं उघडी. मागून माणूस घेता येतो, तसा पुढूनही घेता येतो. ते मला हवंच होतं, कारण एखादा मेसेज रेंज नाही म्हणून परत आला तर त्याला शेवटी कशाला पाठवायचं? तो त्याची पाळी भोगून आलाय. त्याला पुन्हा पुढच्या टोकाला ठेवायचा.

डेक लावली आणि सौदा संपून लोक चहा प्यायला बसेपर्यंत भाव गावोगाव पोचायला लागला. व्यापारी पेढे घेऊन आला. सरांनी पेढा तोंडात घालत सांगितलं, "मी म्हणलो व्हतो ना, बेसिकमधी गडबड हाय." मी शेजारीच उभी होते. मला त्यांनी पेढा दिला, नाही असं नाही. मग केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "राठोड, तू म्हणलीस ते खरं हाय का? त्यात पुढून पण घालता येतं?"

"येतं, सर."

"कितीबी?"

"कितीही."

सर खुर्चीत मागे रेलले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता.

गावात एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथे दर गुरुवारी नांदेडहून डोळ्यांचे डॉक्टर येतात, मोतीबिंदूपासून आतल्या पडद्यापर्यंत सगळं तेच पाहतात. सकाळी येतात आणि चार वाजले की उठतात, कारण संध्याकाळी त्यांची तिकडे ऑपरेशनं असतात. चारच्या आत नंबर लागला तर लागला, नाहीतर पुढचा गुरुवार. त्यामुळे लोक पहिल्या एसटीने यायचे, जवळचे तर पहाटेच, आणि फाटकाबाहेर भिंतीच्या कडेने आपापली चप्पल ठेवून जायचे. चप्पल ठेवली की नंबर लागला. मग माणूस चहा पिऊन येवो, झाडाखाली पडो, कुणाचं काही म्हणणं नाही. फाटलेल्या स्लीपर, टायरच्या वहाणा, लेकरांच्या सँडल. त्या रांगेत कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या चपलेपुढे चप्पल सरकवायची हिंमत कुणाची नव्हती, बायांनी तिथेच फाडून खाल्लं असतं.

या दवाखान्याचं टोकनचं काम सरांनी आणलं. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. सोयाबीन काढताना भुसा उडून, तुरीची काडी लागून, कुणाचा डोळा फुटायच्या बेतात आला तर त्याला सगळ्यांच्या पुढे घ्यायचं. म्हणून मी तीच डेक घातली. बाकी सगळे मागून, आणि एक 'तातडी'चं बटन, ते दाबलं की माणूस पुढच्या टोकाला. उद्घाटनाला सरांनी हार घालून घेतला आणि फाटकाबाहेर येऊन लोकांना म्हणाले, "हे काय मागासलेपण लावलंय? उचला त्या चपला. आता सिस्टीम हाय." आणि एक जोड उचलायला उशीर झाला तर बुटाच्या टोकाने बाजूला सारला. म्हातारी वाकून चप्पल उचलत होती, सर फोटोसाठी वळले होते.

महिना झाला नसेल, तर ते 'तातडी'चं बटन गावातल्या मोठ्या माणसांच्या मोबाईलवर गेलं. माझ्याच हातून सरांनी ते करून घेतलं. नगरसेवक, वार्ताहर, सॉमिलवाला, शाळेचे संस्थाचालक. पैसे घेतले असते तर मी एक वेळ समजू शकले असते. पैसा एक घेतला नाही. त्यांना फक्त लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसायचं होतं आणि लोकांनी म्हणायचं होतं, "सरांनी एका बटनावर काम केलं." एवढ्यासाठी. मला चीड येते ती याची. माणसाने विकलं जावं तर निदान काही भाव तरी लावून घ्यावा.

मी त्यांना समजावून सांगितलं होतं. केबिनमध्ये, शांतपणे. मी म्हणाले, "सर, पुढून घातलेल्यांची रांग उलटी चालते. समजा नगरसेवक आले, पुढे बसले. मग वार्ताहर आले, ते त्यांच्याही पुढे. मग तिसरा, तो दोघांच्या पुढे. जो आधी आला तो मागे मागेच जाणार. पुढचं टोक एखाद-दुसऱ्या माणसासाठी आहे. सगळेच तिथून घुसले तर त्यांचं त्यांनाच बाधेल."

सर फडक्याने बूट पुसत होते. "व्हीआयपीला कोण मागं सारतंय, राठोड? तू जरा बेसिक वाच."

"मग तातडीच्यांची वेगळी रांग करू द्या. तिथे पण जो आधी आला तो आधी."

"आन तिथं पण रांगच? मग बटनाचा फायदा काय?"

मी उठून आले. यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. माझ्या याडीचा मोतीबिंदू पिकला तेव्हा मी तिला त्याच दवाखान्यात नेलं. बटन माझ्या हातात होतं, पण ते दाबायचं नाही हे मी ठरवलेलं. याडीला साधं टोकन घेतलं आणि तिच्याजवळ बसले. दुपारपर्यंत नंबर छान पुढे सरकत होता. मोठी माणसं जेवून, जरा पडून मग येतात. अडीचच्या पुढे गाड्या यायला लागल्या आणि स्क्रीनवर टिंग वाजून वर एकेक नाव बसायला लागलं. याडीला लिहायला-वाचायला येत नाही, पण तिच्या नावाच्या पट्टीचा रंग मी तिला दाखवून ठेवला होता. ती डोळे बारीक करून पाहत होती.

"नंबर जवळ यिऊन राहिला व्हता," ती म्हणाली, "मग लांब जाऊन राहिला. असं काहून?"

चारला डॉक्टर उठले. आम्ही एसटीत बसलो. याडी सगळ्या रस्त्याने मला समजावत होती की होतं असं, पुढच्या गुरुवारी बघू.

दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "अगं, मंग तिला पुढं घालायचं न्हाई का? मी न्हाई म्हणलो असतो का?"

"माझी याडी पुढे गेली असती तर दुसऱ्या कुणाची तरी मागे गेली असती, सर."

"मंग? ती तुझी थोडीच व्हती?"

त्यांनी हे चिडून नाही म्हटलं. अगदी प्रेमाने, लेकराला समजवावं तसं म्हटलं. मी त्याच दिवशी काम सोडलं. जिन्यात चपला घालताना वरून त्यांचा आवाज येत होता, ते नव्या बॅचला रांग शिकवत होते आणि चहावाला किटली घेऊन वर चालला होता.

पुढे मला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं, घरी बसून करायचं. हिंगोलीतच खोली घेतली, याडीला आणलं. तिचं ऑपरेशन झालं, नीट झालं. सरांचा क्लास त्या काळात ओस पडला, असं कानावर यायचं. पोरं मोबाईलवर शिकायला लागली होती. सरांना शुगर आहे, हेही ऐकलं. मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

मग गेल्या उन्हाळ्यातला एक गुरुवार. याडीला दाखवायला मी पुन्हा त्या दवाखान्यात गेले. सकाळीच नंबर लागून गेला होता, पण डोळ्यात थेंब घातल्याने अजून धूसर दिसत होतं म्हणून याडीला बाकावर टेकवून मी थांबले होते. तीनच्या सुमाराला सर आले. काळा चष्मा, पांढरा शर्ट, बूट तसेच. एक हात भिंतीला. पंख्याखालच्या पहिल्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे तोंड करून मान ताठ ठेवली. फक्त स्क्रीन जिथे होती तिथे ते पाहत नव्हते, जरा बाजूच्या भिंतीकडे पाहत होते.

याडी मला काही म्हणाली, मी उत्तर दिलं, आणि सरांनी मान वळवली. "कोण, राठोड का?"

"हो, सर."

"मी आपलं सिस्टीम पाहून राहिलो. बराबर चालू हाय का म्हणून."

औषधाच्या खिडकीवरच्या सिस्टरने मला हळूच सांगितलं. सरांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलंय, डाव्यात जास्त, डॉक्टरांनी मागच्या वेळीच बजावलं होतं की या गुरुवारी लेसर चुकवू नका, नाहीतर डावा डोळा हातचा जाईल. आणि हे महाशय आले तीन वाजता, घरून बटन दाबून. मी सिस्टरला म्हणाले, "मग यांचं तर खरंच तातडीचं आहे, आत सांगा ना." ती म्हणाली, "ताई, ह्या बटनावरून जे येतं ते सगळं तातडीचंच असतं. डॉक्टर म्हणतात, मी खरं कोणतं मानू? भांडणं नको म्हणून ते आता स्क्रीन सोडून कुणाचं ऐकत नाहीत."

थोड्या वेळाने सर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "राठोड, वर कोणाचं नाव हाय गं?"

मी वाचलं. "मुंजाजी किशनराव."

आधार कार्डावरून नाव येतं, तिथे एम. के. चालत नाही. सरांनी इकडेतिकडे मान फिरवली, कुणी ऐकलं का म्हणून. मग समाधानाने हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात टिंग वाजलं. सर उठायला लागले.

"बसा, सर," मी म्हणाले. "दुसरं नाव आलं वर. तुम्ही आता दुसरे."

"दुसरा? काहून?"

पुन्हा टिंग. "आता तिसरे."

बाहेर एक मोठी गाडी थांबली होती आणि त्यातलं अख्खं घर डोळे तपासून घ्यायला आलं होतं, चष्म्याचे नंबर काढायला. गाडीत बसूनच ते बटन दाबत होते. सरांचा चेहरा मी त्या वेळी नीट पाहिला. माझं केबिनमधलं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं, हे मी पैजेवर सांगते. त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. तो किंचित माझ्या डाव्या बाजूला धरला होता.

"मला काढ रांगेतून आन पुन्हा घाल पुढं. मला बटन दिसून न्हाई राहिलं."

मी ते बटन स्वतःसाठी दाबलं नव्हतं, याडीसाठी दाबलं नव्हतं. आणि आता या माणसासाठी दाबायचं? पण खरं सांगायचं तर ते बटन ज्यासाठी केलं होतं तसा माणूस त्या दिवशी तिथे हाच एक होता. मी दाबलं. सर पहिले झाले. टिंग. पुन्हा दुसरे. मी परत काढून परत घातलं. गाडीतल्या कुणाच्या तरी ते लक्षात आलं असावं, कारण टिंग-टिंग लागोपाठ वाजायला लागलं. त्यांचा अंगठा माझ्यापेक्षा चपळ होता. समोरच्या बाकांवर सकाळपासून बसलेली माणसं स्क्रीनकडे पाहत होती. त्यांची नावं तर कधीच खाली सरकून दिसेनाशी झाली होती.

चारला दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि हात धुवायला गेले. सर दुसरे होते.

"उद्या नांदेडला जा, सर," मी म्हणाले. "उद्याच जा. तिथे रोज असतात ते."

"बघू," सर म्हणाले.

गेले नाहीत. नांदेडला त्यांना कोण ओळखत होतं? तिथे रांगेत लागावं लागलं असतं. आठवडाभर ते घरात बसून फोन करत राहिले, तिकडच्या दवाखान्यात कुणाची ओळख निघते का म्हणून, आणि त्या आठवड्यात डावा डोळा गेला. हे मला सिस्टरनेच सांगितलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. रागही आला, आणि तो वाईट वाटण्यापेक्षा जास्त होता. स्वतःचा डोळा जाईल, पण मान जाऊ द्यायची नाही, असल्या माणसाचं करायचं तरी काय?

त्यानंतरच्याच एका गुरुवारी याडीचा चष्मा आणायला मी लवकर निघाले होते. दवाखान्याच्या भिंतीशी पाहते तर चपलांची रांग परत आलेली. टोकनची खिडकी उघडायच्या आधी लोकांनी आपलं जुनंच सुरू केलं होतं. सकाळची टोकनं मोठ्या माणसांची दुपारची टिंगटिंग सुरू व्हायच्या आत उरकतात, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. फाटक्या स्लीपर, वहाणा, आणि मधेच काळे चमकणारे बूट.

बुटांशेजारी सर जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, अनवाणी. पांढऱ्या शर्टाला पाठीमागे चुन्याचा डाग लागला होता. बाकी सगळे चप्पल ठेवून चहाला पांगले होते, सर मात्र जागचे हलले नव्हते. एक हात बुटांवर. मधूनमधून तो हात पुढे जाऊन पुढच्या चपला चाचपायचा, कुणी मधे एखादी घातली तर नाही ना म्हणून, आणि परत बुटांवर यायचा. मी हाक मारली नाही.

त्यांच्या मागे एका लुगडं नेसलेल्या म्हातारीच्या वहाणा होत्या, ती त्यांच्यापाशीच उकिडवी बसून तंबाखू मळत होती. सर तिच्याकडे तोंड करून म्हणाले, "मावशी, मी पाणी पिऊन येऊ का? बूट पाहताल का जरा? कोणी सारणार तर न्हाई ना?"

"जा की," म्हातारी म्हणाली. "इथं कोण सारतंय कोणाचे बूट?"

सर भिंत धरून उठले, चार पावलं गेले, थांबले, आणि पाणी न पिताच परत येऊन बुटांपाशी बसले.